आरसा नसलेला कॅमेरा

५ जानेवारी, सकाळी ७.१०
नवी वही. नियम: रोज लिहायचं. शुद्ध लिहायचं. ऱ्हस्व-दीर्घ लगेच तपासायचं. दुसऱ्यांचं बोलणं ते बोलले तसंच उतरवायचं, त्यातल्या चुकांची जबाबदारी त्यांची.

काल बाबा मिठागरावरून आले आणि पाय न धुताच ओटीवर बसले. म्हणाले, "सुजित, यंदाचा शेवटचा मीठ. शेटनी जागा इकली. जूनला भराव पडनार. तवा एक फोटू काढ माजा. राशीवर, फावडा धरून. आज्याचा एक पन फोटू नाय आपल्या घरान."

मी हो म्हटलं. दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे मोबाईल काढून मोकळा झाला असता. मी तसा नाही. बत्तीस वर्षं मीठ ओढलेल्या माणसाचा फोटो चांगल्या कॅमेऱ्यानेच निघाला पाहिजे. पेणच्या झेरॉक्स दुकानातला चार वर्षांचा पगार बाजूला टाकलेला आहे. प्रश्न एकच आहे: मिररलेस की खिशातला कॉम्पॅक्ट?
रविवारपर्यंत निर्णय.

११ जानेवारी, रविवार
मिररलेस: सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते. कॉम्पॅक्ट: खिशात मावतो, लेन्स बदलावी लागत नाही म्हणून आत खारा वारा शिरत नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आमच्याकडे सायकलची चेन दोन वर्षांत गंजते.
चौदा मुद्द्यांचा तक्ता केला. सात-सात झाले. सम संख्या घेतली ही चूक. उद्या पंधरावा मुद्दा शोधणे.

१२ जानेवारी
पंधरावा मुद्दा सापडला (पिशवी). दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळाला.

२५ जानेवारी, रविवार
घरच्यांना विश्वासात घ्यावं म्हणून जेवताना समजावून सांगितलं. मिररलेस म्हणजे ज्यात आरसा नसतो तो. आई म्हणाली, "आरसा काढून घेतला आनि भाव वाढवला? परत दे त्याला." अजून घेतलेला नाही, असं मी सांगितलं. आई म्हणाली, "मग आरशासकट घे."
बाबांना कॉम्पॅक्टची बाजू सांगितली, की हा खिशात बसतो. त्यांनी स्वतःच्या बनियनकडे बघितलं आणि विचारलं, "कंच्या खिशान?"
घरच्यांकडून तांत्रिक मदतीची अपेक्षा ठेवू नये.

८ फेब्रुवारी, रविवार
धाकटी बहीण हेमाली म्हणाली, "दादूस, मोबाईलवर काढ ना. तुला कॅमेरा घ्याचाय का बाबांचा फोटू काढाचाय?"
मी तिला शांतपणे सांगितलं की मोबाईलवर काढलेला फोटो हा फोटो नसतो, पुरावा असतो. हे वाक्य चांगलं झालं म्हणून इथे लिहून ठेवतो.
हेमाली म्हणाली, "बरा. मग तक्ता फ्रेम करून लाव भिंतीला."
तिच्याशी बोलत नाही.

१८ फेब्रुवारी
दुकानाला सुट्टी. बाबांचा जेवणाचा डबा घेऊन मिठागरावर गेलो. बांधावर नेटवर्क उत्तम मिळतं. सेन्सरच्या आकारावरचा दोन तासांचा व्हिडिओ सलग बघितला, बऱ्याच शंका फिटल्या, काही नव्या आल्या. चुलतभाऊ अल्पेश डंपर घेऊन आला होता. डबा द्यायला थोडा उशीर झाला. बाकी नोंद घेण्यासारखं काही घडलं नाही.

१ मार्च, रविवार
पनवेलला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. पाटीवर 'रीपेरींग' लिहिलं आहे. दोन्ही वेलांट्या चुकीच्या. दुकानदाराला सांगितलं, तो हसला. दोन्ही कॅमेरे हातात घेऊन बघितले. मिररलेस हातात घेतला की कॉम्पॅक्ट आठवतो आणि कॉम्पॅक्ट घेतला की मिररलेस. हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे मी कोणाच्या प्रेमात पडलेलो नाही.

८ मार्च, रविवार
परत पनवेल. परत तेच.

१५ मार्च, रविवार
परत पनवेल. दुकानदार म्हणाला, "भाऊ, कॅमेरा घ्यायचाय की मुलगी बघायला येताय? चहा-पोहे सांगू का?" गिऱ्हाईकाशी बोलायची ही पद्धत नव्हे. त्याच्या वेलांट्यांबद्दल बोललो ते त्याच्या मनात राहिलेलं दिसतं.

२२ मार्च, रविवार, दुपारी २
मिठागराच्या तोंडाशी मोठा बोर्ड लावला आहे. 'दि. १ जून पासून मीठागर क्षेत्रात प्रवेश बंद.' बघून धक्काच बसला. मूळ शब्द मीठ, दीर्घ. पण पुढे आगर जोडलं की मि पहिली होते. मिठागर. मीठ, पण मिठाचा, मिठाला, तसंच हे. 'जून पासून' हेही तोडून लिहायचं नसतं. सरळ दोन चुका.
दुकानातून पांढरा रंग आणि काळा मार्कर आणून दोन्ही दुरुस्त केल्या. अडीच तास गेले. उन्हात उभं राहून डोकं दुखलं.
बाबा बांधावरून बघत होते. म्हणाले, "काय लिवलाय त्यान?" मी सांगितलं, मिठागर चुकीचं लिहिलं होतं, आता बरोबर आहे.
बाबा म्हणाले, "बरा केलास." आणि कामाला गेले.

५ एप्रिल
राशी एकवीस होत्या, आता नऊ आहेत. मीठ अल्पेशच नेतो. भरावाची मातीही तोच आणून आत्तापासून रस्त्याकडेला टाकतो. त्याला विचारलं, तुला काही वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटतंय ना. जाताना गाडी भरलेली, येताना पन भरलेली, रिकामा फेरा नाय." अल्पेशच्या विचाराला खोली नाही.

१९ एप्रिल, रविवार
निर्णय झाला. मिररलेस घेतला. साडेतीन महिन्यांच्या अभ्यासाचं हे फळ आहे. कॉम्पॅक्टचा स्टॉक संपलेला होता हा निव्वळ योगायोग.
आईने आत बघितलं आणि म्हणाली, "खरंच नाय रं आरसा."

२१ एप्रिल
मॅन्युअल चारशे आठ पानांचं आहे. रोज बारा पानं वाचली तर २४ मेच्या आसपास पूर्ण होईल. शेवटची रास १६ मेला उचलायची आहे. हिशोब थोडा बसत नाही. पण अर्धवट माहितीवर काम केल्यामुळेच जगात चुका होतात. बारावी अर्धवट सोडली ती चूक पुन्हा करायची नाही.

२६ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ७.३०
आज बाबांनी स्वतःहून इस्त्रीचा शर्ट घातला. हेमालीच्या बारशाला घेतलेला घड्याळाचा पट्टा शोधून काढला. घड्याळ बंद आहे, पण पट्टा चांगला आहे. आम्ही पाच वाजता गेलो. बाबा राशीवर चढले आणि फावडं धरून उभे राहिले. त्यांनी श्वास रोखून धरला होता.
कॅमेरा चालू केला. पडद्यावर आलं की मेमरी कार्ड नाही.
कार्ड वेगळं घ्यायचं असतं हे मला माहीत होतं. कोणतं घ्यायचं याचा तक्ता पूर्ण व्हायचा होता एवढंच. कार्ड नसलं तरी बटण दाबता येतं, सेटिंग केलं तर (पान ३१). मी दाबलं. आवाज आला.
बाबांनी विचारलं, "आला?"
मी म्हटलं, आला.
बाबा हसत हसत खाली उतरले. वाटेत शेजारच्या बुधाजीकाकांना म्हणाले, "आज मोठ्या कॅमेऱ्यान फोटू काढला पोरानी."
मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. आवाज आला होता.

२९ एप्रिल
आई म्हणते फोटू दाखव. मी सांगितलं, प्रोसेसिंगला वेळ लागतो.

२ मे
आई म्हणते, "मिठाला पन येवरा येल लागत नाय."

३ मे, रविवार
कार्ड घेतलं. १६ तारखेला शेवटची रास उचलायच्या आधी सकाळी खरा फोटो काढणार. सगळं व्यवस्थित होईल. पहिल्याचा विषय कोणाला काढायचीही गरज पडणार नाही.

आता काळजी एकाच गोष्टीची. मॅन्युअल म्हणतं की दमट हवेत लेन्सला बुरशी येते, कॅमेरा ओल शोषणाऱ्या पदार्थासोबत बंद डब्यात ठेवावा. त्या छोट्या पुड्या पेणला मिळाल्या नाहीत. पण डोकं चालवलं. मासळी खारवताना काय करतात? मीठ लावतात. मीठ माशातलं सगळं पाणी ओढून काढतं. आणि आमच्याकडे मिठाला तोटा नाही. शहरातल्या फोटोग्राफरला हे सुचणार नाही.
राशीवरचं ताजं मीठ दोन किलो, फडक्यात बांधून, आईच्या चकलीच्या डब्यात खाली. वर कॅमेरा. झाकण घट्ट. आता १६ तारखेलाच उघडायचं, मध्ये हवा लागू द्यायची नाही.

९ मे
डबा उघडलेला नाही. मोह आवरला. मॅन्युअलचं पान २१६.

१६ मे, शनिवार
सकाळी साडेसहाला डबा घेऊन मिठागरावर गेलो. एकच रास उरलेली. अल्पेशचा डंपर लागलेला, माणसं टोपल्या घेऊन उभी. बाबांनी विचारलं, "दुसरा कनाला? एक काढलास ना?" मी म्हटलं, लाइट चांगला आहे.
झाकण उघडलं.
कॅमेरा पाण्यात होता. तळाला तीन बोटं पाणी, फडकं भिजून चिकटलेलं, लेन्सच्या आत धुकं. बटण दाबलं. आवाजसुद्धा आला नाही.
बाबा वाकले. डब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"आपलाच हाय," म्हणाले. "ताजा मीठ डब्यान घालून ठेवलास? अरं, ताज्या मिठाला पानी सुटतं. म्हनून तर रास करून ठेवतो आमी, निथलाला. येवरीशी पोरां पन सांगतील."
मासळीचं मी त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "मासलीतला पानी मीठ कारतं. मग मिठातला कोन कारनार?"
मॅन्युअलमध्ये मिठाबद्दल एकही सूचना नाही, ही कंपनीची चूक आहे.
मग अल्पेश म्हणाला, "जाऊ दे ना काका, पहिला फोटू हाय ना." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मला सांगावं लागलं. कार्ड नव्हतं. आवाज आला होता.
बाबांचा शर्ट आज साधाच होता. ते राशीवर चढले, मला वाटलं फोटोसाठी, पण त्यांनी पहिलं फावडं मारलं आणि टोपली भरली.
पावणेदहाला रास संपली. जमीन तिथे थोडा वेळ पांढरी राहते.

१७ मे
काही नाही.

२० मे
मोबाईल होता. १६ तारखेला माझ्या खिशात मोबाईल होता. हे आज आंघोळ करताना लक्षात आलं.

२४ मे, रविवार
मॅन्युअल पूर्ण झालं.

३ जून
आज बाबा दुकानात आले. चार वर्षांत पहिल्यांदा. रांगेत उभे राहिले, त्यांच्या पुढे उत्पन्नाच्या दाखल्याची दोन माणसं होती. नंबर आल्यावर म्हणाले, "अल्पेशनी तुजे मोबाईलवर फोटू धाडलाय. त्याचे मोबाईलमदी जागा नाय, पुसत बसलेला, तवा घावला. मोठा करून दे. वर प्लास्टिक लाव."

उघडला. बाबा राशीवर उभे आहेत. हातात फावडं. बनियन, गुडघ्यापर्यंत चिखल. कोणीतरी काही बोललं असणार, कारण ते तोंड उघडून हसत आहेत आणि एक डोळा मिटलेला आहे. मागे राशीच राशी, सगळ्या एकवीस असतील. डाव्या कोपऱ्यात अल्पेशचा अंगठा. क्षितिज तिरकं.
उजवीकडे, मागे बांधावर, एक माणूस पाठ करून बसलेला आहे. मान खाली, मोबाईलमध्ये. बाजूला फडक्यात बांधलेला डबा.

मी कामाच्या पद्धतीने सांगितलं, की अंगठा कापता येईल. उजवीकडचा माणूसही काढता येईल, एका मिनिटाचं काम आहे.
बाबा म्हणाले, "अंगठा काप. त्याला नको. तो पन मिठागरावच होता ना."
मागच्या गिऱ्हाईकाला घाई होती. मी ए-फोर काढला. खाली नाव टाकू का विचारलं. बाबा म्हणाले टाक. 'दिनानाथ आणि सुजित, मिठागर' असं टाकलं. मि पहिली.
लॅमिनेशनला एक बुडबुडा आला, बांधाच्या बाजूला. बाबांनी अंगठ्याने दाबून बघितला. गेला नाही. म्हणाले चालतंय, आणि गुंडाळायला गेले. लॅमिनेशन गुंडाळत नाहीत हे मी त्यांना सांगितलं.

रात्रीचं जेवण झालं. फोटो आरशाशेजारी लावला आहे. आई म्हणाली, "आता बग, आरसा पन झाला."

फोटोची तारीख मोबाईलमध्ये दिसते. १८ फेब्रुवारी, दुपारी १२.४७. वही मागे उलटून त्या दिवसाचं पान काढलं. शेवटचं वाक्य आहे: 'बाकी नोंद घेण्यासारखं काही घडलं नाही.'
शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नाही.