गाडी लावली

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय क्लीनरबाई,

आज शेवटची सुनावणी झाली. सकाळी निघाले, दुपारी निकाल ऐकला, बसने घरी आले. चहा केला, तो तसाच निवला. बाबा कामावर असतानाच गेले, हे अखेर मान्य झालं.

तुला क्लीनरबाई म्हणण्याचा हक्क खरं तर बाबांचा. सुट्टीत त्यांच्या ट्रकमध्ये बसून तू काच पुसायचीस, तेव्हाचं ते नाव. आज मी उसनं घेतलं आहे.

तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी युनियनचे दोघे दारात आले. सेक्रेटरी, म्हणजे आपला भोंगा, खाली बघून म्हणाला, "वहिनी, दादांनी गाडी लावली." गेलेल्या माणसाबद्दल ही ड्रायव्हर मंडळी असंच बोलतात, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हतं. आपल्या घरी त्या शब्दांचा अर्थ एकच. बाबा सुखरूप पोचले, आता झोपतील. फोनवर ते एवढंच बोलायचे आणि मी दिवा मालवायचे. म्हणून मी म्हणाले, "बरं झालं. जेवले का?" एवढा आडदांड माणूस, पण त्याला रडू कोसळलं. तेव्हा मला कळलं.

आणि ते शब्दशः खरंही होतं. छातीत कळ आल्यावर बाबांनी भरलेला ट्रक उतारावरच कडेला घेतला. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकांपुढे दोन्ही लाकडी ठोकळे लावले आणि मग केबिनच्या पायरीवर बसले. तसेच सापडले.

कंपनीने नेमकं तेच धरलं. गाडी बंद, ड्रायव्हर खाली बसलेला, म्हणजे काम सोडून आराम चालला होता. बाबा आणि आराम! मला लागलं ते हे, की मेल्यावर त्यांना कामचुकार ठरवत होते. एकटी असते तर मी तेही गिळून गप्प बसले असते. माझा स्वभाव तू जाणतेस.

गप्प बसू दिलं नाही ते युनियनने. दर तारखेला कोणी ना कोणी माझ्याशेजारी बाकावर असायचं. कधी त्यांचे वकील, कधी लांबचा पल्ला मारून थेट आलेला एखादा, जो बसल्या बसल्या पेंगायचा. त्या पेंगण्याचाही मला आधार वाटायचा. तू त्यांना घोषणावाले म्हणायचीस. बाबाही म्हणायचे, भोंगा बोलायला लागला की इंजिन बंद करावं, तेवढंच डिझेल वाचतं. आज मात्र तो कंपनीच्या माणसाकडे बघून हळू बोलला. "साहेब, गाडी लावणं हे ड्रायव्हरचं काम नाही का? तो स्टिअरिंगवर मेला असता तर तुम्ही त्याला कामावर धरलं असतं. पण उताराखाली घरं होती. म्हणून तो आधी खाली उतरला."

बाहेर आल्यावर मी आभार मानू लागले, तर भोंगा म्हणाला, "आभार कसले, वहिनी! उद्या मी गाडी लावली, तर आमच्या हिच्याशेजारी येऊन बसा म्हणजे झालं. ती तुमच्यासारखी शांत नाही, कान किटतील." कितीतरी दिवसांनी मी हसले. येईन म्हणाले.

परवा तू फोनवर विचारलंस, नव्या नोकरीत ट्रक मिळतोय, पण साहेब म्हणतात युनियनच्या नादी लागू नका. त्या लोकांकडून मिळतं तरी काय? मी विषय बदलला. मला पटकन बोलता येत नाही, म्हणून हे लिहिलं. सगळं मिळेल अशी आशा धरू नकोस. माणूस परत येत नाही. निकाल उलटाही लागला असता. भाषणं लांबतात, चहा पांचट असतो. पण तुझं काही बरंवाईट झालं, तर तुझ्या माणसाला त्या बाकावर एकटं बसावं लागणार नाही, एवढं नक्की. तुझं माणूस म्हणजे मीच. तेव्हा माझ्यासाठी तरी सभासद हो.

बाबांचे ठोकळे भोंग्याने तेव्हाच आणून दिले होते. एक तुझ्यासाठी बांधून ठेवला आहे. जोडीचा तू बघ, कारण दुसरा मला लागतो. मागचं दार वाऱ्याने आपटत असतं. आताही आपटतंय. उठते, लावते.

तुझीच,
आई