तक्त्यातला उशांचा आठवडा

अहो,

वर्षभराच्या सेलचा तुमचा तक्ता चहा घेता घेता पुरता वाचला. उन्हाळ्यात चादरींवर सूट, पावसाळ्यात पायपुसण्यांवर, थंडीत रजयांवर आणि मधल्या दिवसांत उरलेल्या मालावर. बाराही महिने सेल असला तर त्याला सेल कशाला म्हणायचं? पण तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माझ्या ऑपरेशनची तारीख मी त्यातच पेन्सिलीने लिहिली होती. तुम्ही ती खोडून ‘एका उशीवर एक फुकट’ लिहिलंत. गेल्या वर्षी रजयांपायी पुढे ढकललं, त्याआधी चादरींपायी. चूक माझीच. पेन्सिलीचं दिसलं की तुमचा हात खोडरबराकडे जातोच. पोटातली गाठ आता थांबायची नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

ताईला सोबत घेऊन दवाखान्यात जातेय. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. मागच्या दाराला कडी घाला.

तो आठवडा आता पेनाने भरलाय. या वेळी उशा पुढे ढकला.

आणि संध्याकाळी येताना त्यातली एक घेऊन या. दवाखान्यातल्या फार पातळ असतात म्हणे. मला फुकटातली चालेल.