माउसच्या पोटातलं शिसं

प्रिय बाबा,

पत्र छापील आहे म्हणून बँकेची नोटीस समजून गोजरआत्याच्या हातात देऊ नकोस. मी अक्षदाच आहे. वडिलांना पत्रात ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं होतं, पण जन्मात तुला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाही, आता म्हटलं तर तूच विचारशील, ही कोण बाई बोलते. फोन केला की तू “हां, बरा हाय, ठेव” म्हणतोस. तू मुरबाडला गेल्यापासून चार वर्षांत आपण तेवढंच बोललोय. म्हणून लिहिते. आपल्या धाकट्या अनिताच्या लग्नात तू पिऊन उभा राहिलास, हे मला इतकी वर्षं पक्कं ठाऊक होतं. आता काहीच ठाऊक नाही. डोक्याचं पार भजं झालंय, आणि सगळं सुरू झालं एका माउसपासून.

माउस म्हणजे कॉम्प्युटरचा, हाताखाली सरकवतात तो. माझ्या दुकानात आला होतास तेव्हा त्याला तू साबणाची वडी म्हणाला होतास. दिवाळीनंतर आमचा जुना मेला. आमच्या घरधन्याने, ओमकारने, नवा आणला, बिनवायरचा, फुंकर मारली तर उडेल असा. तेव्हापासून पडद्यावरचा बाण जागेवर ठरेना. मी एका चौकटीवर नेते, तो शेजारच्या चौकटीवर जाऊन बसतो. आपल्या सापगावच्या जनाबाईचा फॉर्म भरताना ‘स्त्री’वर मारायची टिचकी ‘पुरुष’वर पडली आणि फॉर्म तसाच गेला. महिन्याने ती कागद नाचवत आली, “अक्षदा, या वयात माला बाप्या केलास काय गो?” सगळं दुकान हसलं, मीही हसले. पण ते दुरुस्त करायला म्हातारीला तहसीलच्या तीन खेपा पडल्या. आता लोक फॉर्म भरून झाला की दोनदा वाचून बघतात. माझ्यासमोरच बघतात.

मी म्हटलं, दोष माउसचा. हलका आहे म्हणून नाचतो, जड केला की बसेल जागेवर. सापगावच्या घराची झाडलोट करायला गेले होते, तेव्हा माळ्यावर तुझं मासे धरायचं पागाचं जाळं दिसलं. त्याच्या घेराच्या चार शिशाच्या गोळ्या मी कापून आणल्या. न विचारता आणल्या, हे कबूल. माउसच्या पोटाखालची पट्टी सोलली की एक बारीक स्क्रू लागतो. तो काढून उघडला तर आत अर्धं पोट रिकामं. एक हिरवी पट्टी, चाक, सेलची जागा, बाकी नुसती हवा. गोळ्या हातोडीने चेचून चपट्या केल्या आणि डबल टेपने चिकटवल्या. पहिल्यांदा चाकाला घासल्या, चाक अडकलं. परत उघडून दोन्ही कडेला सारख्या लावल्या, नाहीतर तो एका अंगाला ओढतो. मग मात्र बाण शहाण्यासारखा चालला. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. दहावी नापास बाईने इंजिनियरचं काम केलं म्हणून दिवसभर ओमकारला पिडलं.

आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा नाच सुरू. अजून दोन गोळ्या लावल्या, मग अजून तीन. ओमकार एकदा माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “आगो, ह्यो माउस हाय का वरवंटा? ह्याच्यावर चटणी वाट.” त्याने शेजारच्या कॉम्प्युटरला तसाच दुसरा हलका माउस आणून लावला होता. मी बघत होते. त्याच्या हातात तो बाण सरळ जात होता, दोरी धरल्यासारखा. तो चहाला गेल्यावर त्याच्या जागी बसून तोच माउस धरला, तर बाण भिरभिरायला लागला. मग हात उचलून समोर धरला. बोटं आपली आपण हलत होती, बाबा. थंडी नव्हती, मला राग आलेला नव्हता, मी जेवलेले होते. हल्ली पावतीवर सही करताना ‘अ’चा काना वाकडा जातो, तो घाईमुळे जातो असंच मी समजत होते. पत्र छापील का, ते आता कळलं ना.

आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला तुझा भिंत सरळ आहे का बघायचा दोरीचा ओळंबा आठवला. तुझं गवंडीकाम सुटायच्या आदल्या वर्षीचा. भिंतीला लावलास की थांबायचाच नाही. तू म्हणायचास, “वारा हाय.” तुझ्या जोडीला कामावर असलेला नामाकाका म्हणायचा, आज पान हलत नाय आणि ह्याला वारा कुठला लागतो. मग तू बाजारातून दुप्पट जड ओळंबा आणलास. तेव्हा मी काय म्हटलं होतं आठवतं? म्हटलं होतं, “ओळंबा कशाला बदलतोस, बाटली बदल.” मला फार हुशार वाटलं होतं ते बोलताना. तू हसलास आणि विटा भिजवायला गेलास. मी आता नऊ गोळ्यांचा माउस हातात धरून बसते, आणि मला कोणी असं म्हटलं तर मी हसू शकेन का, ते मला माहीत नाही.

पण लग्नाच्या दिवसाचं काय करू? तिथेच माझं गाडं अडतं. आई असती तर ती शेजारी उभी असती, ती नव्हती म्हणून मी होते. धवलारीण लग्नाची गाणी गात होती, कन्यादानाला अनिताने आणि जावयाने ओंजळी पुढे केल्या होत्या, आणि तुझ्या हातात तांब्या असा हलायला लागला की पाणी ओंजळीत पडायचं सोडून शालूवर सांडलं. वास आला होता, बाबा. मी खोटं सांगत नाही, तोंडाचा वास आला होता. मी तांब्या तुझ्या हातातून ओढला, नामाकाकाला दिला, आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाले, “जा, बाहेर जाऊन बस.” तू गेलास. जेवलासही नाही. दुसऱ्या दिवशी गोजरआत्याबरोबर मुरबाडला गेलास तो गेलासच. मी मनात म्हटलं, शरम वाटली असेल, बरं झालं.

मागच्या सोमवारी शहापूरच्या डॉक्टरांकडे गेले. माझं कॅल्शियम कमी आहे असं ओमकारला सांगून गेले. त्यांनी हात पुढे धरायला लावला, कागदावर गोल काढायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं. मग म्हणाले, हा कंप पुष्कळदा घराण्यातच असतो, लगेच घाबरायचं कारण नाही, औषध आहे. घरात कोणाचा हात कापतो का, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, “वडिलांचा कापायचा, पण ते प्यायचे.” डॉक्टरांनी लिहितालिहिता मान वर केली. म्हणाले, पिण्याच्या आधी कापायचा की प्यायल्यावर? म्हणाले, हा कंप असलेल्यांचा हात घोटभर घेतली की घटकाभर स्थिर होतो, म्हणून काही माणसं चारचौघांत जायच्या आधी घेतात. ते औषध नव्हे, करू नये तसं, पण करतात. बावीस वर्षं तुझ्या घरात जेवले आणि मला एवढंही सांगता येईना की माझा बाप आधी कापायचा की आधी प्यायचा. तू रोज पीत होतास का? मला तर आठवतच नाही कधी तुला पडलेलं बघितल्याचं. मग मी काय बघितलं होतं? लोक म्हणायचे म्हणून मी म्हणायचे का? की थोडं ते खरं आणि थोडं हे? माझी तर मतीच गुंग झालीय. पण एक विचार डोक्यातून जात नाही. त्या दिवशी तू अनितासाठी हात स्थिर राहावा म्हणून घेतली असशील, तर मी कोणाला मांडवाबाहेर घालवलं?

माझ्या केसपेपरवर ते लिहून ठेवलंय. ‘वडील : दारूचे व्यसन, कंप.’ माझ्याच तोंडचं. मी म्हटलं ते खोडा, तर डॉक्टर म्हणाले, वडिलांना घेऊन या, बघतो आणि मग खोडतो. त्यासाठी हे पत्र. गुरुवारी दुकान बंद ठेवून सकाळच्या एसटीने मुरबाडला येते. तुला न्यायला येते. माझ्या चुकीची माफी मी मांडवात नाही मागू शकले, आत्याच्या पडवीत मागीन, तू दे किंवा नको देऊ, पण माझ्याबरोबर चल. आणि एक काम कर. आत्याला तू सगळं सांगू नकोस, मीच सांगीन. फक्त तिने चहा दिला आणि माझ्या हातून कप बशीत वाजला, थोडा साडीवर सांडला, आणि ती माझ्याकडे बघायला लागली, तर तिला एवढंच सांग की पोरीने काही घेतलेलं नाय.

तुझीच,
अक्षदा