केझायाची रविवारची टोपी

९ मे, गुरुवार

पुन्हा हात हलवत घरी! केझाया बोनिफेसच्या जन्माची नोंद ससेक्समधल्या एकाही चर्चमध्ये नाही. नऊ वर्षं झाली शोधतेय. १८५५ला तिकडून इकडे वसाहतीत आलेल्या जहाजाच्या यादीत मात्र ठळक – जोब बोनिफेस, शेतमजूर, बायको हॅरिएट, मुलगी केझाया, वय चार. आणि या दोघांचं लग्न झालंय १८५४ला! पोर काय आभाळातून पडली?

इतिहास मंडळात ग्लेनिस फनेल होतीच. "सापडली का गं पणजी, रॉझ? नाही? लग्नाआधीची असेल, लपवलं असेल!" वर लॅमिंग्टन केकची बशी पुढे केली. तिच्यापुढे मी केझायाचं नावसुद्धा काढत नाही. आठवड्यात शोधून काढेल आणि मरेपर्यंत ऐकवेल. तिचा तो भिंतभर वंशवृक्ष मी अजून पाहिलेला नाही. पाहणारही नाही.

१२ मे, रविवार

आईकडे, वृद्धाश्रमात. त्र्याण्णवावं चालू आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण तिची आजी केझाया लख्ख आठवते. "दर रविवारी टोपी घालून व्हरांड्यात बसायची. शहाऐंशीव्या वर्षीसुद्धा! म्हणायची, मला न्यायला येणार आहेत. कोण येणार होतं गं? तेवढं सांग, मग मी जायला मोकळी."

काय सांगू? कपाळ!

१३ मे

शेजारच्या कुत्र्यावर ओरडले. त्याचा काय दोष!

१६ मे, गुरुवार

मंडळाचं प्रदर्शन. ग्लेनिसचा वृक्ष टांगायला माणूस कमी पडला, म्हणून एक कोपरा मला धरावा लागला. नाक कागदाला टेकलेलं, न बघून जाते कुठे! 'केझाया फनेल, १८५१'. पुढे कोरं.

"ही कोण?"

"लहानपणीच गेली असणार. दहाच्या आतली चार पोरं होती, जहाजावर चढली तिघंच. अगं, नीट धर!"

तिघंच! दहाच्या आतली तीनपेक्षा जास्त पोरं असली की सरकार वसाहतीत फुकट नेत नसे – हे मी स्वतः नवशिक्यांना शिकवते! गाव तेच, जहाज तेच. चौथी पोर बिनमुलांच्या शेजाऱ्यांच्या नावावर चढवली. उतरल्यावर परत घेऊ म्हणाले असतील.

इथे आल्यावर फनेल राहिले कुठे, विचारलं. कपुंडाजवळ. आणखी पाच मुलं झाली त्यांना. बोनिफेसांच्या घरापासून अकरा मैल! तोंडातून शिवी गेली. मग सगळं ग्लेनिसला सांगून टाकलं, आणि सांगता सांगता रडले – रागाने. अकरा मैल, आणि ब्याऐंशी वर्षं वाट बघितली तिने!

१७ मे

ग्लेनिसचा फोन. थोरल्या फनेलच्या मृत्युपत्रात एक ओळ आहे, तिला कधी उलगडली नव्हती: 'बोनिफेसांकडे असलेल्या माझ्या मुलीला माझं बायबल.' ते बायबल ग्लेनिसच्याच कपाटात आहे. कुणी नेऊन दिलंच नाही.

१९ मे, रविवार

ग्लेनिसला आईकडे नेलं. बायबल आईच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "आई, ही केझायाच्या सख्ख्या भावाची पणती."

आईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "फार उशीर केलात."

जिचं तोंड कधी मिटत नाही ती ग्लेनिस एवढंच म्हणाली, "चुकलं आमचं."

आई माझ्याकडे वळली. "टोपी दे गं माझी."