अपूर्णांक आता तुम्ही शिकवा

अहो,

काल पाहुण्यांसमोर तुम्ही चिमीला "ढ" म्हणालात, वर "आईवर गेलीय" म्हणून हसलात. पोरगी भरल्या ताटावरून उठली. मी ताईकडे चाललेय, परवा येईन. तोवर अपूर्णांक तुम्ही शिकवा. कागदाला घड्या घालून दाखवलं की तिला कळतं. ओरडलं की येत असलेलंही विसरते. तुमचा आवाज चढला तर वही मिटून सरळ आजीच्या खोलीत जायचं, असं तिला सांगून ठेवलंय.

आणि हो, तुम्ही सातवीत गणितात दोनदा नापास झाला होतात, हे तुमच्या आईंनी मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही. आज सकाळी चिमीला सगळं सांगितलं. पोट धरधरून हसली. तुम्ही कामावरून यायची वाट बघतेय. तिला बरंच काही विचारायचंय.