डब्याचं झाकण

गीस्के,

धाकट्या हार्मेनच्या ज्या पत्राला मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही, ते आज पुन्हा वाचलं. "दादा, तू डब्याचं झाकण माझ्या बायकोच्या बोटांवर लावलंस." मी म्हणायचो, कॉफीबरोबर एकच बिस्किट आणि मग झाकण बंद, ही आपली डच रीतच आहे; माझं काय चुकलं? त्याची म्युरिएल दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची. तिच्या घरी पाहुण्यासमोरून काही उचलत नाहीत, हे मला सुचलंच नाही.

काल आठच्या कॉफीला माझा हात पोचण्याआधीच तू डबा बंद केलास. "डॉक्टरांनी तुला गोड नुसतं बघायला सांगितलंय, खायला नाही!" तू हसलीस, मीही हसलो, पण माझे कान तापले. म्युरिएलला काय वाटलं असेल ते तेव्हा कळलं.

आज तू गाण्याच्या सरावाला गेलीस आणि त्याच वेळी जीभ चाळवली, तेव्हा मी डब्याऐवजी पेन उचललं. चार कागद फाडले. पाचव्यावर म्युरिएलची माफी मागितली आणि दोघांना रविवारी बोलावलं. नीट लिहिलंय का, देव जाणे. तुला दाखवायला थांबलो असतो तर धीर गेला असता. बिस्किटाची आठवणही राहिली नाही बघ! घरात बसवत नाही, म्हणून कालव्याकाठी फिरून येतो.

पत्र टपालपेटीत टाकलंय.

वीबे