ग्लासावरचा हात

प्रिय सूनबाई,

नवऱ्याच्या दारूला कंटाळून छकुलीला घेऊन तू माहेरी गेलीस त्याला वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत मी फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे कधी गेलो नाही. काचेच्या भट्टीसमोर जन्म काढलेल्या माणसाला नुसतं ओरडता येतं, बोलता येत नाही. पण आज माझी छाती अशी फुगली आहे की कुणाला तरी सांगितल्यावाचून चैन पडणार नाही, आणि तुझ्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं नाही.

आमचा थोरला, तुझा दीर, यकृताच्या कर्करोगाने गेला तेव्हा सगळे म्हणाले, प्यायचा म्हणून गेला. मग त्याचा दोस्त पैलवान कसा ठणठणीत? दोघं एकाच भट्टीवर, पाळी सुटली की एकाच बाकावर, ग्लासाला ग्लास लावून. पैलवान अजून नातवाला खांद्यावर घेऊन फिरतो. तू म्हणालीस, बाबा, तुमच्या रक्तातच काही आहे का ते तपासून घेऊ. केवढा भडकलो होतो मी! आमच्या घराण्यात खोट काढते म्हणून चार दिवस तुझ्याशी अबोला धरला होता.

तर ऐक, तुझंच खरं निघालं. तू गेल्यावर आमचे धाकटे चिरंजीव आपण होऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि मलाही दंडाला धरून नेलं. आम्हा दोघांतही एक जनुक आहे, त्याने यकृतात चरबी लवकर साठते. त्यावर दारू पडली की नासाडी लवकर होते आणि कर्करोगाची शक्यता वाढते. थोरल्याचंही तेच असणार. बाई म्हणाल्या, जनुक असलं म्हणजे रोग होणारच असं नाही. दारू किती, वजन किती, साखर, विडीकाडी, कुणाच्या संगतीत दिवस जातो, हे सगळं मिळून ठरतं. आणि त्या पैलवानानेही फार ऐटीत राहू नये, म्हणाल्या. चिरंजीवांच्या यकृताला इजा झाली आहे, गाठ मात्र नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आणि दारूच्या थेंबालाही शिवायचं नाही. मी मनात म्हटलं, झालं, हा आणि थेंबाला न शिवणार!

गेल्या महिन्यात त्याला भट्टीचा उस्ताद केलं. आमची रीत तुला ठाऊक आहे. नव्या उस्तादाने फुंकलेला ग्लास जुन्या उस्तादाने भरायचा आणि नव्याने तो एका दमात रिकामा करायचा. जुना उस्ताद मी. बाटली माझ्या हातात दिली, सगळे टाळ्या पिटायला लागले. ओतावी तर बाप कसला, न ओतावी तर पोराची कारखानाभर शोभा. तेवढ्यात त्याने ग्लासावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाला, “बाबा, पाणी द्या.” पैलवान ओरडला, “बायकोला घाबरलास काय रे?” हा हसून म्हणतो, “हो. फार उशिरा घाबरलो.” आणि पाण्याचा ग्लास घटाघटा रिकामा केला. पहिली टाळी मी वाजवली आणि मग सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.

मला त्याचा अभिमान वाटतो, पण तुझा त्याहून जास्त. तू घर सोडलंस तेव्हा मी शेजाऱ्यांपासून तोंड लपवत होतो. आता विचारतील त्याला सांगतो, आमची सून खमकी आहे म्हणून आमचा मुलगा शुद्धीवर आला.

उस्तादपद त्याने दुसऱ्याच दिवशी सोडलं. म्हणाला, रोज त्याच माणसांत बसून रोज नाही म्हणणं मला झेपायचं नाही. तुझ्या गावात एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम धरलं आहे, जवळच एक खोलीही घेतली आहे. येत्या रविवारी सकाळी तो तुझ्या दारात येणार आहे. तुला कळवू नका असं मला बजावून ठेवलं आहे, तरी मी कळवतो. अचानक समोर बघून तुला भीड पडू नये, म्हणून हे पत्र. दार उघडायचं की नाही ते तू शांतपणे ठरव. नाही उघडलंस, तर त्या दिवशी मी त्याचा नव्हे, तुझा बाप आहे.

तुझाच,
बाबा